मदत हवी आहे: पडल्यानंतर ४५० हेलिकॉप्टर लोड घेताना कट्-कट् करतंय, नाक डावीकडे झटके देतंय

नमस्कार मंडळी,

आरसी (रिमोटवरचं) हेलिकॉप्टर उडवणारं कुणी इथे असेल तर कृपया वाचा. सोलापुरात या छंदातला दुसरा माणूस मला अजून भेटलेला नाही, त्यामुळे मॉडेल समोर ठेवून विचारावं असं कुणी नाही.

मॉडेल ४५० साइजचं, फ्लायबारलेस (वर तोल सांभाळणारी दांडी नसलेलं), ३२५ मिमीची पाती, ३एस (तीन सेलची) बॅटरी, शेपटीचा पंखा बेल्टवर. विमानतळ होटगी रोडला असल्याने त्या बाजूला मी कधीच उडवत नाही. बार्शी रोडला मित्राचं रान आहे, तिथं जातो. मागच्या रविवारी नाक स्वतःकडे करून हॉवरचा सराव करत होतो. ते माझ्याकडे सरकायला लागलं, मी घाबरून स्टिक उलटी दिली आणि दोन-अडीच मीटरवरून ते आडवं आलं. ज्वारी नुकतीच काढलेली. धसकटात, काळ्या ढेकळांत पाती जागच्या जागी अडकली आणि थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा स्विच) मारेपर्यंत मोटर तशीच ओढत राहिली.

आतापर्यंत दोन्ही पाती, मेन शाफ्ट, फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पाती ज्यावर बसतात तो आडवा दांडा) आणि मेन गियर बदललं (त्याचे दोन दात गेले होते). जुना फेदरिंग शाफ्ट नुसत्या डोळ्यांना सरळ दिसत होता, पण आरशावर घरंगळवला तर खाली उजेडाची फट उघडमीट करत होती. सर्व्हो (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) हाताने हळूहळू फिरवून पाहिले, तिन्ही ठीक. टेल बूमवर (शेपटीच्या नळीवर) पात्याचा मार बसून पोचा पडलाय, पण बूम वाकलेला नाही म्हणून तोच ठेवलाय.

आता लक्षण सांगतो. पाती काढून मोटर फिरवली तर काही आवाज नाही. पाती लावून शून्य पिचला (पात्यांना कोन न देता) पूर्ण वेगावर नेलं तरी ठीक. पिच देऊन जरा हलकं व्हायला लागलं की मागून कट्-कट्-कट्, आणि नाक डावीकडे झटका मारतं. जायरो (नाक स्थिर ठेवणारा सेन्सर) परत आणतो, पुन्हा झटका. तीन वेळा लांब उभं राहून पाहिलं, जमीन सुटायच्या आत बंद केलं. चौथ्यांदा करणार नाही.

आमचं घर यंत्रमागाचं. वडिलांची हयात टॉवेलच्या मागांवर गेली. त्यांना व्हिडिओ ऐकवला, तर डोळे मिटून दोनदा ऐकला आणि म्हणाले, "बेअरिंग नाही रे हे. बेअरिंग सारखं रडतं. हे ओढ पडल्यावरच बोलतंय, म्हणजे कुठंतरी दात सुटतोय."

मला ते पटतंय. मुख्य पंखा वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे शेपटीचा जोर गेला की नाक डावीकडेच जाणार. वन-वे बेअरिंग (मोटरची ओढ एकाच दिशेने पुढे देणारं) घसरत असतं तर दोन्ही पंखे एकदम मंदावले असते ना? इथे वरच्या पंख्याचा आवाज जराही खाली येत नाही. मग बेल्ट ढिला पडून दात सोडतोय का? धडकेत बूम फ्रेममध्ये पुढे सरकला असेल का? बेल्टचा ताण तुम्ही नेमका कसा तपासता?

अपडेट: सगळ्या प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. वरचा हेड एका हाताने घट्ट धरून शेपटीचं पातं दुसऱ्या हाताने फिरवा, ही युक्ती कामी आली. थोडा जोर दिला की बोटांना तोच कट् जाणवला. बूम खरंच दीड-दोन मिमी पुढे सरकलेला होता. तो मागे ओढून बेल्ट ताणला, तरी कट् राहिलाच. मग फ्रेम उघडली. बूमच्या तोंडाशी बेल्टच्या पुलीला फिरवणारं जे चिमुकलं प्लॅस्टिकचं गियर असतं, त्याचे लागोपाठ तीन दात टोकाला गोल झालेत. फ्रेमच्या आत असल्याने पहिल्या तपासणीत ते माझ्या नजरेतून सुटलं.

गियर पुण्याहून मागवलंय. त्याच्याशी जुळणारं, मेन गियरवरचं टेल ड्राइव्ह गियर भिंगातून पाहिलं तर नीट दिसतंय, बेल्टचेही सगळे दात शाबूत आहेत. तरी शेपटी वरच्या पंख्याच्या चौपटीहून जास्त वेगाने फिरते, म्हणून विचारतो: नव्या गियरसोबत जुना बेल्ट ठेवू की तोही बदलू? आणि पोचा पडलेल्या बूमच्या आत बेल्ट घासतोय का, हे बूम न कापता कसं बघायचं?