रोज सकाळी कॉम्प्युटरची तारीख २०१४ वर जाते, दुरुस्तीवाले म्हणतात फॉरमॅट मारा, काय करू?

टायपिंग_सीबीएस

नमस्कार सगळ्यांना. नाशिकला सीबीएसवर (मध्यवर्ती बसस्थानक) कोर्टाजवळ माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. डेस्कटॉप जुना आहे, आय३ चौथ्या पिढीचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. साधारण महिन्यापासून असं होतंय की सकाळी दुकान उघडून पीसी लावला की तारीख १ जानेवारी २०१४ दाखवतो आणि मग एकही सरकारी साइट उघडत नाही, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही असं लाल अक्षरात येतं. मी हाताने तारीख बदलते मग दिवसभर चालतं, दुसऱ्या दिवशी परत तेच. त्यात मशिन इतकं स्लो झालंय की वर्ड उघडेपर्यंत पक्षकार दोनदा चहा पिऊन येतात.

खरा त्रास वेगळाच झाला. परवा पेनड्राइव्हवरून फाइल कॉपी करताना विचारलं की आधीची फाइल बदलायची का, मी तारीख बघून नवी वाटली ती ठेवली, आणि निघाली जुनी! एका आजींचं वारसाचं प्रतिज्ञापत्र होतं, सगळ्या दुरुस्त्या गेल्या, रात्री बसून पुन्हा टाइप केलं. मला फार वाईट वाटलं कारण त्या दिंडोरीहून एसटीने आल्या होत्या आणि त्यांना परत जावं लागलं.

दुरुस्तीवाले म्हणतात व्हायरस आहे, फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवीनच घ्या. माझा सहा वर्षांचा सगळा मसुदा यात आहे. काय करू?

सातपूर_मेंटेनन्स

ताई, फॉरमॅट अजिबात मारू नका. तारखेचा आणि व्हायरसचा काही संबंध दिसत नाही, तुमच्या मदरबोर्डवरचा सेल संपलाय. आतमध्ये रुपयाच्या नाण्याएवढा गोल चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा, पीसी बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं आणि बायोसची (मशिन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमची) सेटिंगही तोच सांभाळतो. तुम्ही रात्री दुकान बंद करताना बोर्डावरचं मेन बटण बंद करत असणार. बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून (आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यातून) थोडा करंट मदरबोर्डाला मिळत राहतो आणि सेल कमजोर असला तरी घड्याळ चालतं, मेन बंद केलं की सगळा भार सेलवर येतो आणि तो संपलेला असला की घड्याळ परत पहिल्यापासून सुरू. म्हणून दिवसभर बरोबर आणि सकाळी चूक.

साइट न उघडण्याचं कारणही हेच. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते, तुमचं मशिन २०१४ समजतंय म्हणून त्याला ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही असं वाटतं. साइट बरोबर आहे, ब्राउझर पण बरोबर आहे, घड्याळ चुकलंय.

सेल मेनरोडला कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळेल, थोडक्या पैशात काम होतं. बदलताना नुसतं शटडाउन करून भागत नाही, मागची वायर काढा आणि पॉवर बटण पाचसहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट जातो. मग कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून घ्या, अंगातली स्थिर वीज उतरते. सेलच्या कडेला छोटी क्लिप असते ती नखाने हलकी बाजूला केली की सेल टुणकन वर येतो, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, बोर्ड खरवडला जातो. अधिकची खूण असलेली बाजू वर ठेवून नवीन बसवा.

एक विचारायचं राहिलं, सकाळी काळ्या स्क्रीनवर एफ१ दाबा असं येतं का?

टायपिंग_सीबीएस

हो दादा, येतं! मी रोज दाबते, मला वाटलं जुन्या मशिनला तसंच असतं.

सातपूर_मेंटेनन्स

मग शंकाच नको. सेल बदलल्यावर एकदा बायोसमध्ये जाऊन (सुरू होताना डिलीट किंवा एफ२) तारीख वेळ टाकून सेव्ह करा. सेल काढायच्या आधी तिथल्या साटा मोड (डिस्क जोडायची पद्धत) आणि बूट ऑर्डरचा (कुठून सुरू व्हायचं तो क्रम) मोबाइलवर फोटो काढून ठेवा, साटा मोड बदलला गेला तर विंडोज निळी स्क्रीन देतं आणि माणूस उगाच घाबरतो. तुमचं मशिन बहुतेक रोजच डिफॉल्टवर (मूळ सेटिंगवर) सुरू होतंय म्हणजे तो धोका कमी आहे, तरी फोटो काढाच.

निफाडकर_द्राक्षवाला

आमच्या पॅकहाउसच्या पीसीला दर वर्षी डिसेंबर-जानेवारीतच हे व्हायचं. निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, सेल आधीच अर्धमेला असला की थंडीत व्होल्टेज अजून खाली बसतो. सेल बदलल्यापासून सुरळीत आहे. अजून एक, तारखेत वर्षांचा फरक असला तर विंडोजचं आपोआप वेळ जुळवणं बऱ्याचदा चालत नाही, आधी हाताने तारीख टाकायची आणि मग टाइम अँड लँग्वेजमध्ये सिंक नाऊ दाबायचं.

पंचवटी_डीटीपी

ताई मी तीसेक वर्षं डीटीपी करतोय त्यामुळे तुमची आजींची गोष्ट वाचून राहवलं नाही. सेलचं वरती बरोबर सांगितलंय. पण मला काळजी तुमच्या हार्ड डिस्कची वाटते. वर्ड उघडायला इतका वेळ लागणं हे सेलचं काम नाही. कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये डिस्क बघा, काही न करता सतत १०० टक्के असेल तर डिस्कवर संशय घ्या. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते डिस्कची तब्येत सांगतं, निळं गुड आलं तर ठीक, पिवळं कॉशन आलं तर त्याच दिवशी कामाला लागा. कान पण लावा, टक... टक... असा आवाज येतोय का ते ऐका. आणि डिस्कवर संशय असताना कुणी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालव म्हटलं तर चालवू नका. त्यात ती डिस्क तासन्‌तास घासली जाते आणि असलेला डेटा पण हाताचा जातो. आधी कॉपी, मग बाकी सगळं.

कॉपी करताना लोक फक्त डॉक्युमेंट्स घेतात आणि मग रडतात. तुमचे मसुदे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतील ना? ते युनिकोड (कुठल्याही मशिनवर वाचता येणारं) नाहीत. नवीन मशिनवर तो फॉन्ट नसला की तुमचं प्रतिज्ञापत्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतं. म्हणून सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरमधून फॉन्ट्स हे फोल्डर पण कॉपी करा, श्रीलिपीची सीडी आणि कॉम्प्युटरला लावायचा लॉक असेल तर तो कपाटात जपून ठेवा. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरू नका, आपण सगळे तिथेच सेव्ह करतो.

आणि आजींसारखं परत होऊ नये म्हणून, या महिन्यात सेव्ह झालेल्या कुठल्याही फाइलच्या तारखेवर विश्वास ठेवू नका. सकाळी तारीख बदलायच्या आधी सेव्ह केलेली फाइल मशिनच्या हिशोबाने बारा वर्षं जुनी आहे. एकाच नावाच्या दोन फाइल असतील तर रिप्लेस न करता दोन्ही ठेवा आणि वर्डच्या रिव्ह्यूमधल्या कंपेअरने समोरासमोर लावून बघा, कुठला शब्द बदलला ते रंगात दिसतं. इथून पुढे फाइलच्या नावातच तारीख लिहा, वर्ष आधी मग महिना मग दिवस, म्हणजे नावाने लावलं तरी बरोबर क्रमाने येतात.

टायपिंग_सीबीएस

सगळ्यांचे मनापासून आभार. काल भावाने सेल बदलला, आज सकाळी पहिल्यांदा तारीख बरोबर आली आणि एफ१ पण आलं नाही! पण पंचवटीचे काका म्हणाले तेच झालं, क्रिस्टलमध्ये पिवळं कॉशन आहे, पेंडिंग सेक्टरच्या (डिस्कचे वाचायला अडणारे भाग) ओळीपुढे पिवळा ठिपका. शांत असताना कान लावला तर टक आवाज येतोय. मी आधी तो पंख्याचा समजत होते. दुपारी दुकान बंद ठेवून सगळं फॉन्टसकट बाहेरच्या डिस्कवर घेतलं, तीन तास लागले, दोन फाइल निघाल्याच नाहीत. आता एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) टाकायची का मशिन बदलू? विंडोज १० बंद झालं म्हणतात.

सातपूर_मेंटेनन्स

एसएसडी टाका, त्या मशिनला अडीच इंची साटा एसएसडी बसते, २४० जीबी तुम्हाला पुष्कळ. क्लोन (जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करू नका, खराब सेक्टरवर क्लोन मध्येच अडकतं, कोरं विंडोज १० टाका. मदरबोर्ड तोच असल्याने लायसन्स आपोआप लागू होतं, लायसन्सची की परत विकत घ्यायची नाही. विंडोज ११ तुमच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, त्याला आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला पण मायक्रोसॉफ्टच्या खात्याने नोंदणी केली तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर तो पर्याय येतो. तेवढ्यात नवीन मशिनचे पैसे बाजूला पडतील.

गंगापूररोड_मिंट

लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) पण विचार करा, ४ जीबीवर छान चालतं आणि मराठी इनस्क्रिप्ट (युनिकोड टायपिंगचा कीबोर्ड) आत आहेच. पेनड्राइव्हवरून न इन्स्टॉल करता चालवून बघता येतं.

पंचवटी_डीटीपी

मिंट चांगलंच आहे, माझ्या घरच्या लॅपटॉपवर तेच आहे. पण ताईंचे सगळे मसुदे श्रीलिपीत असतील तर ते टायपिंग तिथे सरळ चालणार नाही आणि कोर्टाच्या गर्दीत नवीन शिकत बसायला वेळ नसतो. ताई, आत्ता विंडोज १०, आणि रोज एक मसुदा इनस्क्रिप्टने युनिकोडमध्ये उतरवायला घ्या. बोटं पंधरा दिवसांत बसतात.

टायपिंग_सीबीएस

एसएसडी बसवली. एमजी रोडहून आणली, भावाने रविवारी टाकली. वर्ड दोन सेकंदात उघडतं, मी तीनदा बंद करून परत उघडून बघितलं. जुनी डिस्क कागदात गुंडाळून वरती तारीख लिहून ठेवली आहे. आजी सोमवारी परत आल्या होत्या, प्रतिज्ञापत्र बरोबर निघालं, झेरॉक्सचे पैसे घेतले नाहीत. आणि काका, पहिला मसुदा युनिकोडमध्ये उतरवायला घेतला, अर्धं पान झालंय.