अर्ध्या तासाच्या कामाला माणूस मिळेना

टपटप (कोथरूड)
बाथरूममधला डायव्हर्टर, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा व्हॉल्व्ह, गळत होता. भिंतीच्या आत बसवलेला, बाहेर दिसतं ते फक्त हँडल. खालच्या काकूंच्या छताचे पोपडे पडायला लागले आणि त्या जिन्यात भेटल्या की हसेनाशा झाल्या. एक प्लंबर आला, टाइलवर टकटक करून "पूर्ण बाथरूम फोडावं लागेल" म्हणाला. दुसरा अजूनही "निघालोच आहे मॅडम" म्हणतोय. शेवटी ओळखीतून आलेल्या एका मुलाने आतलं कार्ट्रिज बदललं आणि गळती बंद. मुठीत मावेल एवढी वस्तू!

माझं म्हणणं असं की माणसं कमी नाहीत, जबाबदारी घेणारी नाहीत. वायरमनला सरकारी परवाना लागतो, मग प्लंबर, सुतार, वॉटरप्रूफिंगवाले मोकळे का? परवाना, ठरलेले दर आणि पक्की पावती हवी. मतं मांडा.

पाना-पक्कड (चिंचवड)
माझा हाच धंदा आहे, म्हणून लिहितो. महापालिकेचे परवानाधारक प्लंबर असतात ताई. नवीन नळजोडाच्या अर्जावर सही लागली की लोक त्यांना शोधत येतात. शॉवर गळला की परवाना कोणी विचारत नाही, "किती घेणार?" एवढंच विचारतात.

आता माझ्या बाजूने बघा. साइटवर पोराला दिवसाची हजेरी मिळते, दुपारी जेवायची सुट्टी, सगळं काम एका जागी. तुमच्याकडे यायचं तर ट्रॅफिक, गेटवर रजिस्टर, "सर्व्हिस लिफ्ट वापरा", मग कळतं की डायव्हर्टर कुठल्या कंपनीचा हे घरात कोणालाच माहीत नाही. बिल्डरने बसवलेलं मॉडेल बंद झालेलं असतं. दोन हार्डवेअरची दुकानं हिंडून, पार्ट मिळवून परत यायचं. आणि शेवटी, "दहा मिनिटांचं तर काम, पाचशे कसले?" व्हिजिट चार्ज आधी सांगितला तर निम्मे लोक फोन ठेवतात. तोंडावर नाही म्हटलं तर गिऱ्हाईक कायमचं तुटतं, म्हणून पोरं उद्या-परवा करत राहतात.

टपटप
व्हिजिट चार्ज मी दिला असता. मला कोणी मागितलाच नाही! मी रजा टाकून घरी बसले त्याचे पैसे कोण देणार? तुमचा वेळ मोलाचा आणि आमचा काय रस्त्यावर पडलाय? आणि बाथरूम फोडायला सांगणाऱ्याचं काय? तो काही व्हिजिट चार्जसाठी रडत नव्हता, त्याला मोठं काम हवं होतं.

पाना-पक्कड
त्याची बाजू घेत नाही. लबाड आहेतच. पण छोट्या कामात पोट भरत नसेल तर माणूस मोठं काम काढणारच.

राईनकाठी (जर्मनी)
इथे नळ आणि हीटिंगचं काम करणारा साडेतीन वर्षांचं प्रशिक्षण घेऊन, परीक्षा देऊन येतो. येण्याजाण्याचे पैसे बिलात वेगळे लावतात, त्यावर कोणी घासाघीस करत नाही. फार हेवा करू नका, दिलेली वेळ पाळतात पण ती वेळ मिळायलाच कधी कधी आठवडे जातात. मला पटलेली गोष्ट वेगळीच आहे. कारागिराच्या बिलातल्या मजुरीचा २० टक्के भाग, वर्षाला जास्तीत जास्त १२०० युरो, प्राप्तिकरातून वजा होतो. अट अशी की रीतसर बिल हवं आणि पैसे बँकेतून जायला हवेत, रोख दिले तर काही नाही. त्यामुळे पावती गिऱ्हाईकच मागून घेतं.

खडूस चिंचोके
नव्या करप्रणालीत होत्या त्या बहुतेक वजावटी गेल्या, नळाची कोण देणार? आणि "बिल हवं तर जीएसटी वेगळा" ऐकलं की आपणच "राहू दे, जीपे करतो" म्हणतो.

निवृत्त निदेशक
आयटीआयमध्ये शिकवत होतो. प्लंबरचा कोर्स एक वर्षाचा, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा. इलेक्ट्रिशियन झालेली माझी बरीच मुलं चाकण, रांजणगावच्या कंपन्यांत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागली. पगार फार नसतो, पण पगारपत्रक असतं, पीएफ असतो, गळ्यात ओळखपत्र असतं. घरोघरी पंखे दुरुस्त करून जास्त मिळतील असं मी समजावत असे. एकाच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं, "सर, मिळतील हो, पण लग्नाच्या बायोडाटात काय लिहू?"

आणि परवान्याने माणूस तयार होत नाही. देशभर नावाजलेले प्लंबर ओडिशातल्या केंद्रपाडा जिल्ह्यातून येतात, पट्टामुंडईला तर प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्था आहे. तरी कित्येक जण काका-मामाच्या हाताखालीच घडले. आपल्याकडे ती साखळी तुटली आणि दुसरी उभी राहिली नाही. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, गवंडी आहे, कुलूपवालाही आहे. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन नाहीत. पारंपरिक व्यवसायांची योजना आहे हे मान्य, पण आजच्या घराला लागणारा माणूस त्यात बसत नाही.

एकटी जीव (ठाणे)
सर, सगळं खरं, पण माझा प्रश्न साधा आहे. मी एकटी राहते. दार उघडलं की दुरुस्तीवाल्याचं पहिलं वाक्य, "साहेब कधी येतील?" मी म्हणते साहेब नाहीत, मीच आहे, तर तो पाण्याच्या फिल्टरबद्दल माझ्याशी न बोलता वॉचमनशी बोलतो. म्हणून मी ॲपवरून बोलावते. महाग पडतं, पण नाव, फोटो, दर आधी कळतात आणि काम बिघडलं तर तक्रार करायला जागा असते. पाना-पक्कड, तुमच्या धंद्याने हे आधीच केलं असतं तर ॲपला विचारलं कोणी असतं?

पाना-पक्कड
ॲपवाल्याचं कमिशन त्या पोराच्याच घामातून जातं. म्हणून जाताना तो हळूच स्वतःचा नंबर देतो आणि पुढच्या वेळी तुम्ही थेट त्यालाच लावता. खोटं असेल तर सांगा.

एकटी जीव
खोटं नाही. पण थेट बोलावलेला दोनदा आला, तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. मी परत ॲपवर.

स्वावलंबी गडी
एवढी चर्चा? व्हिडिओ बघा, पाना घ्या, स्वतः करा.

खडूस चिंचोके
खालच्या काकूंची परवानगी घेऊन. (हलके घ्या.)

पाना-पक्कड
वॉशर, जाळी, फ्लशचा फ्लोट जरूर करा. भिंतीतलं आणि विजेचं करू नका. एका घरात गीझरच्या प्लगमधली अर्थिंगची तार कापून टेप गुंडाळलेली बघितलीय, कारण "हात लावला की झटका यायचा". आणि बोलावण्याआधी गळणाऱ्या वस्तूचा आणि तिच्यावरच्या नावाचा फोटो पाठवा. माझी एक फेरी वाचली तर मी तुमचं काम आधी घेईन.

टपटप
हे पटलं. पावतीवर मात्र मी ठाम आहे. आमच्या सोसायटीत सुचवलंय की एक प्लंबर ठरवून दर रविवारी सकाळी बसवायचा. कोणाचं काम असो-नसो, त्याला ठरलेले पैसे द्यायचे आणि पार्टचे ज्याचे त्याने.

निवृत्त निदेशक
उत्तम. सोबत एक शिकाऊ मुलगाही ठेवा.

खडूस चिंचोके
पैसे घरटी घेणार की कार्पेट एरियावर? आमच्याकडे हाच ठराव मागच्या सर्वसाधारण सभेत इथेच अडकला. वन बीएचकेवाले उठून गेले.