केमो चालू आहे आणि नवव्या दिवशी रॉक शो: बहिणीला नेता येईल का?

बेसवाला

धाकट्या बहिणीची केमो चालू आहे. सिस्प्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, दर २१ दिवसांनी. पुढच्या डोसनंतर बरोबर नवव्या दिवशी तिच्या लाडक्या बँडचा शो आहे. तिकिटं आजाराचा पत्ताही नव्हता तेव्हा काढलेली, स्टेजसमोर उभं राहायची. बंदिस्त सभागृह, ओपनिंग बँड धरून साडेतीन तास. डॉक्टर म्हणतात, काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) बघून ठरवू. तिचं ठरलंय, जायचंच. बाकीच्यांत दोन तट.

‘जपून जा’ याच्या पलीकडचं काहीतरी हवंय. काउंट म्हणजे नेमका कोणता आकडा बघायचा? आवाजाचं काय? आणि डोसच आठवडाभर पुढे ढकला असं डॉक्टरांना म्हणावं का?

काउंटमास्तर

नववा दिवस म्हणजे अगदी नको तिथे बोट ठेवलंय. बहुतेक औषधांत पांढऱ्या पेशी डोसनंतर ७ ते १४ दिवसांच्या मधे कधीतरी तळ गाठतात आणि तिसऱ्या आठवड्यात सावरतात. हाच शो एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी असता तर एवढा खल करावा लागला नसता.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीत, एकूण पांढऱ्या पेशींवर जाऊ नका, एएनसी बघा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा आकडा. रिपोर्टात थेट दिलेला नसेल तर एकूण पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी. २,४०० पेशी आणि ३० टक्के न्यूट्रोफिल, म्हणजे एएनसी ७२०. दीड हजाराच्या वर असेल तर काळजी नेहमीइतकीच. हजार ते दीड हजारात घट्ट बसणारा एन-९५ आणि गर्दीपासून लांबची जागा. हजाराच्या खाली बंद सभागृह नकोच. पाचशेच्या खाली तर विषयच संपला. हे ढोबळ आकडे झाले, शेवटचा शब्द तिच्या डॉक्टरांचा. प्लेटलेटही बघा. त्या ५०,०००च्या खाली असतील तर धक्काबुक्कीतला साधा कोपरही महागात पडतो.

एक चूक सगळेच करतात. चौथ्या दिवशीचा रिपोर्ट चांगला आला की निर्धास्त होतात. चौथ्या दिवशी काउंट पडायला अजून सुरुवातच झालेली असते. रक्त आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी द्या. काउंट वाढवायचं इंजेक्शन दिलेलं असेल तर तळ लवकर ओसरतो, पण कंबर आणि मांड्यांची हाडं ठणकतात. त्या ठणक्यात साडेतीन तास उभं राहणं कसं जमेल तेही विचारात घ्या.

डेस्कमागचा

आवाजाबद्दल मी लिहितो, कारण यादीतलं पहिलंच औषध सिस्प्लॅटिन आहे आणि ते कुणी मनावर घेतलेलं दिसत नाही.

सिस्प्लॅटिन आतल्या कानातल्या केसपेशी मारतं. मोठा आवाजही त्याच पेशी मारतो. त्या परत उगवत नाहीत. शिवाय हे औषध आतल्या कानात महिनोन्‌महिने मुरून राहतं, त्यामुळे ‘डोसला नऊ दिवस झाले की’ हा हिशेब इथे चालत नाही. आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं जातं. हाय-हॅट आणि झांजांची धार बोथट होते, बोलण्यातले स, श, फ निसटतात. साधी ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी) ८ किलोहर्ट्झपर्यंतच मोजते आणि नुकसान बऱ्याचदा त्याच्या वरून सुरू होतं. म्हणून शोच्या आधी हाय फ्रिक्वेन्सीची चाचणी मागून घ्या. कानात आत्ताच शिटी वाजत असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा, शोचं मागाहून.

आता आकडे. कामाच्या जागेसाठी धरलेली मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. रॉक शो १०० ते ११० मध्ये सहज खेळतो. हे गणित निरोगी कानाचं आहे, तिच्या कानाला त्याहून कमीच धरा.

इयरप्लग हवेतच, पण डबीवरच्या आकड्यावर विसंबू नका. एनआरआर (प्लग आवाज किती कमी करतो त्याचा आकडा) ३३ लिहिलेलं असेल तर त्यातून ७ वजा करून निम्मं करा. धरून चालायची सूट १३ डेसिबल. नीट बसला तर प्रत्यक्षात जास्त मिळते, नाही बसला तर तेवढीही नाही. फोमचा प्लग धुतलेल्या हातांनी बारीक सुतळीसारखा वळायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सारून अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. बसला की स्वतःचाच आवाज रांजणात बोलल्यासारखा घुमतो. मग तळवे कानांवर दाबून बघा. आवाज आणखी बराच पडला तर प्लग नीट बसलेला नाही, काढून पुन्हा. काउंट पडलेले असताना प्रत्येक वेळी नवी जोडी. कापूस हा उपाय नाही. संगीतकार वापरतात ते फिल्टरवाले प्लग सगळ्या पट्ट्या सारख्याच उतरवतात, गाणं गोधडीखालून ऐकल्यासारखं होत नाही. तिला गाणंच ऐकायचंय, तेव्हा हेच घ्या आणि चार दिवस आधी घरी घालून बघा.

बोलायला म्हणून प्लग काढायचा नाही. १०० डेसिबलला पाव तास उघडा कान म्हणजे अख्ख्या दिवसाचा कोटा तिथेच खलास. हॉलबाहेर या, मग बोला.

जागेचं म्हणाल तर सबवूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) बहुतेक वेळा स्टेजखाली किंवा पुढ्यात रचलेले असतात, त्यामुळे बॅरिकेडची जागा कानाला आणि छातीला सगळ्यांत वाईट. मागे सरकून वाटतं तेवढा फरक पडत नाही. मोठे टांगलेले स्पीकर मागच्या रांगांपर्यंत आवाज पोचवायलाच बांधलेले असतात. साउंडवाले बसतात त्या मिक्सिंग डेस्कच्या आसपास बसा, आवाज तिथलाच बघून लावलेला असतो.

रेलिंगवाली

उभ्याचं तिकीट बदला. आयोजकांना मेल टाका, ‘उपचार चालू आहेत, बसायची जागा आणि एक सोबती’ एवढं पुरतं. व्हीलचेअरच्या मंचाबद्दलही विचारा, पण पुढचे लोक उभे राहिले की तिथून स्टेज दिसतं का हेही विचारा. बऱ्याचदा दिसत नाही. नाहीतर रांगेच्या कडेची खुर्ची, दार आणि स्वच्छतागृह ज्या बाजूला असेल तिकडची.

पॅक्लिटॅक्सेलने तळपाय बधिर होतात. अंधारात पायरी कुठे संपली ते पायाला कळतच नाही. जाडसर पण घट्ट बूट, खिशात टॉर्च, आणि दिवे मालवायच्या आत जागेवर.

साधी दिसणारी, पण त्रास देणारी चीज म्हणजे प्रवेशासाठी मनगटावर बांधतात तो कापडी पट्टा. त्याचं प्लॅस्टिकचं कुलूप एकाच दिशेने सरकतं, घट्ट होतं, सैल होत नाही. पिक लाइन (औषधासाठी दंडातून घातलेली नळी) असलेल्या किंवा काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला तो अजिबात बांधू द्यायचा नाही. दुसरा हात पुढे करा, आत दोन बोटं घालूनच ओढू द्या. छातीत पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी) असेल तर त्या खांद्यावर बॅगेचा पट्टा नको. औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर, म्हणजे फाटकावर वाद नाही.

हे तुमच्या बहिणीला लागू नाही, पण पुढे कुणी वाचेल म्हणून: कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्यांवर असाल तर टाळ्या जपून. तळव्यांची कातडी आधीच लाल आणि हुळहुळी झालेली असते, दोन गाण्यांत सोलवटते. ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानंतर पहिल्या काही दिवसांत एसीचा थंड झोत आणि गार पाणी घशात मुंग्या आणतात.

काउंटमास्तर

रेलिंगवालीला अनुमोदन. स्ट्रोबचं (झपाट्याने लुकलुकणाऱ्या दिव्यांचं) राहिलं: मेंदूत गाठ असेल किंवा कधी फिट आलेली असेल तर आयोजकांकडून लाइट शोची माहिती घ्या. धुराच्या यंत्राने घसा खवखवतो, मास्कमुळे थोडं वाचतं. पाणी मात्र घोटाघोटाने पीत राहायचं, सिस्प्लॅटिनवर मूत्रपिंडं कोरडी पडता कामा नयेत. त्याच कारणासाठी घरी आल्यावर अंगदुखीला आयबुप्रोफेन नको.

डोस पुढे ढकलायचं. उपचार आजार बरा करण्यासाठी असतील, त्यातून रेडिएशनही बरोबर चालू असेल, तर शोसाठी डोस हलवायचा नाही. वेळापत्रक हा उपचाराचाच भाग आहे. आजार आटोक्यात ठेवण्यासाठीची केमो असेल तर चार-सहा दिवस मागेपुढे करायला डॉक्टर बऱ्याचदा तयार असतात, आणि विचारण्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही. ब्लॅक सॅबथ या रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याला २०१२ मध्ये लिम्फोमाचं (एका कर्करोगाचं) निदान झालं, तेव्हा पुढच्या दौऱ्यांच्या तारखा त्याच्या उपचारांना सांभाळून लावल्या होत्या. तिथे बँडने तारखा हलवल्या, उपचारांनी नाही.

बेसवाला

उपचार बरं करण्यासाठीचेच आहेत, म्हणजे डोस हलणार नाही. आयोजकांना मेल गेला. त्याच दौऱ्यातला दुसरा एक शो तिच्या सायकलच्या (एका डोसपासून पुढच्या डोसपर्यंतच्या २१ दिवसांच्या) अठराव्या दिवशी पडतोय, तिकीट तिकडे वळवता येईल का तेही विचारलंय. आधीच्या सायकलमध्ये अठराव्या दिवशी एएनसी २,१०० होता.

काउंटमास्तर

मग तोच धरा, रक्त तरीही आदल्या दिवशी द्या. शोनंतर आठवडाभर रोज दोनदा ताप बघा. १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटलला फोन. आधी पॅरासिटामॉल द्यायची नाही, ताप दबतो आणि निदान लांबतं. थर्मामीटरची बॅटरी आजच बघून ठेवा.