परराज्यातले पोलीस पोराला उचलून नेतात आणि ठाण्यात नोंदच नसते, हे चालतं का?

मानकापूरकर
गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या एका पोराला पहाटे साडेपाचला साध्या कपड्यातले चौघे घेऊन गेले. गाडीचा नंबर परराज्यातला. आईनं विचारलं तर एकानं ओळखपत्र दाखवल्यासारखं केलं, बस. ठाण्यात गेलो तर म्हणे, "आमच्याकडे काही नोंद नाही." रात्री नऊला फोन आला तेव्हा कळलं, ते पोलीसच होते. पोरानं आपलं बँक खातं कोणाला तरी वापरायला दिलं होतं, त्यात सायबर फसवणुकीचे पैसे फिरले. चूक असेल त्याची. पण दिवसभर घरच्यांनी अपहरण झालं समजायचं का?

जुना हवालदार
भाऊ, आरोपीच्या मागे जायला पोलिसाला हद्द आडवी येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) कलम ४८, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं ४५. विनावॉरंट अटकेचा अधिकार असेल तर भारतात कुठंही पाठलाग करता येतो. अन् नागपूरकरांनी तरी हे विचारू नये. खवासाची सीमा ओलांडली की मध्य प्रदेश, चोरट्याला तासाभराचं काम. नोकरीत असताना पलीकडच्या एका ठाण्यात आम्ही इमानदारीनं आमद दिली, म्हणजे आल्याची नोंद केली. चहा झाला. आरोपीच्या घरी पोचलो तर चूल गरम अन् माणूस गायब!

काळा कोट
हवालदारसाहेब, ४५ वाचलंत, आता त्याच नव्या कायद्याचं ४८ पण वाचा. अटक केली की नातेवाइकांना लगेच कळवायचं, आणि जिल्ह्यातल्या नेमलेल्या पोलीस अधिकाऱ्यालाही. "रात्री नऊला फोन" म्हणजे लगेच नव्हे.
अटकेनंतर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करायचं असतं, खरी मेख त्यात आहे. कलम ५८ मध्ये कोर्टापर्यंतच्या प्रवासाचा वेळ वगळलाय. त्याच्या आडोशाला "आम्ही वेळेत आमच्याच कोर्टात नेतो, ट्रान्झिट रिमांड (आरोपीला परराज्यात न्यायला इथल्या कोर्टाची परवानगी) कशाला" म्हणत पथकं थेट हायवेला लागतात. ट्रान्झिट रिमांड हा शब्द कायद्यात नाही, खरंय. पण हद्द नसलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यापुढेही उभं करता येतं, हे त्यात स्पष्ट आहे. मानकापूरहून सिव्हिल लाइन्सचं कोर्ट किती लांब? तिथं नेलं असतं तर पोराला वकील तरी मिळाला असता.
आणि अटकेची कारणं लेखी, आरोपीला कळेल अशा भाषेत द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये सांगितलंय.

फसलेल्या बापाची मुलगी
माझ्या बाबांचे निवृत्तीचे पैसे असेच तीन खात्यांतून फिरून गेले. खातं भाड्यानं देणारी पोरं भोळी असतात हे मला सांगू नका. आपलं नागपूरचं पथक आरोपीला धरायला परराज्यात गेलं तेव्हा माणूस आधीच पसार. कोणी टीप दिली असेल, विचार करा.

काळा कोट
ताई, तुमचं दुःख मान्य. पण मे २०२२ आठवा. पंजाब पोलिसांनी भाजप नेते तजिंदर बग्गा यांना दिल्लीतून उचललं, दिल्लीत अपहरणाचा गुन्हा दाखल झाला, हरियाणा पोलिसांनी कुरुक्षेत्रला गाडी अडवली आणि दिल्लीवाले त्यांना परत घेऊन गेले. तीन राज्यांचे पोलीस एकमेकांसमोर!

जुना हवालदार
ते राजकारण होतं वकीलसाहेब, त्याला खातेवाल्या पोराच्या केसशी जोडू नका. बाकी एक मानतो. आधी नका सांगू, पण माणूस ताब्यात आल्यावर स्टेशन डायरीत नोंद करून निघायला काय जातं? पंधरा मिनिटं. आम्ही करायचो.

फसलेल्या बापाची मुलगी
अन् त्या पंधरा मिनिटांत ठाण्यासमोर शंभर माणसं अन् नगरसेवकाचा फोन. तुम्हाला नागपूर माहीत नाही का?

मानकापूरकर
गर्दीचं म्हणाल तर आम्ही गल्लीतले सहा जणच होतो, अन् आईला धरून उभे होतो.
वकीलसाहेब, अटकेचा कागद आला व्हॉट्सॲपवर, पण त्यांच्या भाषेत आहे. पोराला मराठी-हिंदीशिवाय काही येत नाही. परवा तिकडच्या कोर्टात तारीख आहे, तिकीट अजून वेटिंगवर. कागद पाठवतो, जरा बघाल का?