विंडोज नव्याने टाकल्यापासून नेट लागत नाही, एरर ६९१ येतेय

टायपिंग_कळवा

नमस्कार. मी कळव्याला खारेगावात राहते, घरूनच मराठी टायपिंग करते. कोर्टनाक्यावरच्या दोन वकिलांची कामं नेहमीची असतात: प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसांचे अर्ज. शुक्रवारी कॉम्प्युटरची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली आणि दुकानदाराने विंडोज १० नव्याने टाकून दिली. मशीन आता खरंच झटकन चालू होतं. पण घरी आणून नेटची वायर लावली तर नेट नाही.

दुकानदार म्हणतो, आमच्याकडे नेट चालत होतं, तुमच्या लाइनमध्येच काहीतरी आहे. केबलवाला म्हणतो, लाइन ओके आहे, मशीन दाखवून घ्या. दोन दिवस मी या दोघांच्या मध्ये उभी आहे.

आमच्याकडे राउटर नाही. गच्चीवरून आलेली वायर थेट कॉम्प्युटरच्या मागे जाते. आधी डेस्कटॉपवर ब्रॉडबँडचं चिन्ह होतं, त्यावर क्लिक करून कनेक्ट केलं की झालं. विंडोज बदलल्यावर ते चिन्ह गेलं. पावतीवरचं युजरनेम-पासवर्ड बघून मी नवीन कनेक्शन बनवलं, तर एरर ६९१. पासवर्ड चार वेळा अक्षर अक्षर वाचून टाकला. बिल भरलेलं आहे. वायर लावते तिथला हिरवा दिवा लुकलुकतो. मोबाइल यूएसबीने जोडला तर त्याचं नेट मात्र कॉम्प्युटरवर नीट चालतं.

सोमवारी अकराच्या आत एका वारसाच्या अर्जाचा मसुदा मेल करायचा आहे. मोबाइलवरून तो पाठवता येईल, पण मला लाइनच सुरू करून हवी आहे. रोजचं काम त्यावर आहे.

घणसोलीकर

ताई, आधी ड्रायव्हर बघा. विंडोज नव्याने टाकली की बहुतेक वेळा लॅनचा, म्हणजे नेटची वायर लागते त्या भागाचा, ड्रायव्हरच (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नसतो. डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे ‘इथरनेट कंट्रोलर’समोर पिवळं चिन्ह असेल तर त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी. त्यात १०ईसी असेल तर चिप रिअलटेकची, ८०८६ असेल तर इंटेलची. मोबाइल यूएसबीने जोडलेलाच आहे, त्यावरून ड्रायव्हर उतरवून घ्या. मला माझ्या लॅपटॉपला हेच करावं लागलं होतं.

टायपिंग_कळवा

बघितलं दादा. पिवळं चिन्ह कुठेच नाही, रिअलटेकचं नाव नीट दिसतंय. कोणीतरी ‘नेटशेल विनसॉक रिसेट’ करायला सांगितलं होतं, तेही करून मशीन रिस्टार्ट केलं. फरक नाही. आयपी पत्ता (नेटवर्कवरचा मशीनचा नंबर) १६९.२५४ ने सुरू होणारा दाखवतोय.

नेरुळ_लाइनमन

ताई, मी बारा वर्षं लोकल केबलच्या नेटचं काम केलंय, आधी नेरुळ, नंतर कोपरखैरणे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मशीनही ठीक आहे आणि लाइनही ठीक आहे.

१६९.२५४ बघून घाबरू नका. कोणी पत्ता दिला नाही की विंडोज स्वतःच तो पत्ता घेते. तुमच्या लाइनवर पत्ता मिळतोच मुळी डायल केल्यानंतर, म्हणजे ब्रॉडबँडचं कनेक्शन जोडल्यानंतर, म्हणून डायल होईपर्यंत तो तसाच दिसणार. आणि ६९१ ही तशी चांगली खूण आहे. वायर तुटलेली असती किंवा वरचा स्विच बंद असता तर ६५१ आली असती. ६९१ म्हणजे तुमचा निरोप ऑपरेटरच्या सर्व्हरपर्यंत पोचला, आणि त्याने तुम्हाला ओळखायला नकार दिला.

नकाराची कारणं मोजकीच. पासवर्ड चुकला, बिल थकलं, जुनं सेशन अडकलं, म्हणजे आधीचं कनेक्शन सर्व्हरवर चालूच दिसत राहिलं. ही तीन तुम्ही बघितलीत असं धरतो. सेशन दोन दिवस अडकून राहत नाही. उरलं ते बाइंडिंग. बरेच ऑपरेटर युजरनेमला तुमच्या लॅन कार्डाचा मॅक ॲड्रेस जोडून ठेवतात, म्हणजे एकाचं कनेक्शन शेजारी वापरू शकत नाही. हा नंबर बारा अक्षरांचा असतो, कार्डातच बसवलेला, आणि विंडोज बदलल्याने बदलत नाही. म्हणून विचारतो: मधल्या काळात कधी लॅन कार्ड बदललं होतं का? नीट आठवून सांगा, सगळं त्यावर आहे.

टायपिंग_कळवा

दादा, हो! दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पहिल्याच पावसात वीज कडाडली आणि गच्चीवरच्या वायरमधून झटका येऊन मशीनचा मूळचा लॅन पोर्ट गेला. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या दिवशी आणखी दोघांचे गेले होते. तेव्हा एक मुलगा घरी येऊन वेगळं कार्ड बसवून गेला. त्यानंतर नेट लगेच लागलं होतं, केबलवाल्याला सांगावंही लागलं नाही. म्हणून मी ते विसरूनच गेले होते.

तुमचं वाचून आत्ता कॅबिनेट पुढे ओढलं. बाजूच्या पत्र्यावर, आतून, सेलोटेपने एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. पिवळी पडलीय. निळ्या पेनने बारा अक्षरं लिहिली आहेत, दोन-दोनच्या जोड्या करून. हाच तो नंबर का?

नेरुळ_लाइनमन

हाच. त्या मुलाने जळलेल्या पोर्टाचा नंबर नव्या कार्डाला विंडोजमधून देऊन टाकला, म्हणून सर्व्हरला कार्ड बदललेलं कळलंच नाही. ती नोंद जुन्या विंडोजमध्ये होती, हार्ड डिस्कबरोबर गेली. आता कार्ड स्वतःचा खरा नंबर सांगतंय आणि सर्व्हर म्हणतोय, हे कोण?

डिव्हाइस मॅनेजरमध्ये रिअलटेकवर डबल क्लिक, ॲडव्हान्स्ड टॅब, यादीत ‘नेटवर्क ॲड्रेस’. उजवीकडे व्हॅल्यूच्या रकान्यात बारा अक्षरं सलग टाका, मध्ये रेघ नको, टिंब नको. ओके केलं की कार्ड क्षणभर बंद होऊन परत सुरू होईल. मग डायल करा.

टायपिंग_कळवा

केलं. परत ६९१. चिठ्ठीवरचं सातवं अक्षर मला इंग्रजी बी वाटतंय, पण पेन तिथे फिरून आलंय, आठही असू शकेल. शेवटून दुसरं शून्य आहे की ओ, तेही कळत नाही.

नेरुळ_लाइनमन

ओ असूच शकत नाही. मॅकमध्ये अंक आणि ए ते एफ एवढंच येतं, त्यामुळे ते शून्यच. बी की आठ हा मात्र खरा प्रश्न. मशीन बंद करा, प्लग काढा आणि जळलेल्या पोर्टाच्या आसपास बोर्डावर टॉर्च मारून बघा. बऱ्याच मदरबोर्डांवर तिथे बारकोडचं छोटं पांढरं स्टिकर असतं, त्यावर हाच नंबर छापलेला असतो.

ऐरोली_गृहस्थ

वाचून एक सुचवतो. स्वस्तातला का होईना, एक राउटर घ्या. युजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये राहतो, आणि मॅक क्लोन करायची, म्हणजे जुना मॅक नंबर राउटरला द्यायची, सोय बहुतेक राउटरमध्ये असते. मग विंडोज कितीही वेळा टाका, नेटला धक्का नाही. शिवाय पुढच्या वेळी वीज आलीच तर आधी राउटर जाईल, मशीन वाचण्याची शक्यता वाढते. दुसरं असं, की विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. वकिलांची कागदपत्रं त्यावर आहेत, तेव्हा सुरक्षा अपडेटचं काय ते त्या दुकानदाराला जरूर विचारा.

टायपिंग_कळवा

लागलं!

स्टिकर सापडलं. पोर्टाला लागूनच होतं, अर्धं धुळीखाली. मुलीने टॉर्च धरला, मी भिंगातून वाचलं. सातवं अक्षर आठ आहे. रकान्यात तेवढं एक अक्षर बदललं, ओके केलं, कार्डाचा दिवा विझून परत लागला आणि पहिल्याच डायलला ‘कनेक्टेड’ आलं. मसुदा आत्ताच पाठवला, वकीलसाहेबांचा ‘मिळाला’ म्हणून निरोपही आला.

नेरुळच्या दादांचे मनापासून आभार. दोन दिवसांत ‘कार्ड कधी बदललं होतं का’ हा प्रश्न मला दुसऱ्या कोणीच विचारला नाही.

नेरुळ_लाइनमन

छान झालं ताई. आता एक करा. सोमवारी ऑपरेटरच्या ऑफिसात जाऊन कार्डाचा खरा नंबर नोंदवून घ्या आणि जुनं बाइंडिंग काढायला सांगा. त्यांच्यासाठी दोन मिनिटांचं काम आहे. खरा नंबर हवा असेल तर त्याच रकान्याखालचं ‘नॉट प्रेझेंट’ निवडा, ओके करा आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग ऑल’ द्या. त्यात फिजिकल ॲड्रेस म्हणून दिसेल. तो लिहून घेतला की सध्यापुरता जुना नंबर परत टाकून ठेवा, नाहीतर सोमवारपर्यंत नेट जाईल.

टायपिंग_कळवा

खरा नंबर लिहून घेतला, जुना परत टाकला, नेट चालू आहे. राउटर पुढच्या महिन्यात घेईन. चिठ्ठीवरच्या त्या बीवर काट मारून शेजारी मोठा आठ लिहिलाय, खाली ‘जुना पोर्ट’ असं लिहून नवीन सेलोटेप लावून ठेवलीय.