मॅचला राबणाऱ्या पोरांनीबी तिकीट काढायचं?

कोल्हापूरकर: आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच असली की आम्ही चारपाच जण किट, पाण्याचे जार, बर्फाचा डबा घेऊन दीड तास आधी हजर, आणि परवा एका टुर्नामेंटला गेटवर म्हणतात तिकीट काढा, बरोबर हाय का हे?

गॅलरीवाला: भावा, नावांची लिस्ट आदल्या दिवशीच द्यायची. पण लिस्टमध्ये निम्मे मेव्हणे घुसवतात लोकं, मग गेटवाला कावणारच की. शाहू स्टेडियमला पाटाकडील-दिलबहार या दोन तालमींची मॅच असली की एकेक जागेची मारामारी.

लंडनवासी: इथं प्रीमियर लीगला स्टुअर्ड, म्हणजे गर्दी सांभाळणारी माणसं, मैदानाकडं पाठ करून पब्लिककडं बघत उभे असतात, गोल झाला तरी. आत फुकट, पण मॅच कुठं बघितली?

कोल्हापूरकर: आमचंबी तेच, पहिला हाफ बर्फ फोडण्यातच जातोय 😅