भाचीच्या अर्जात ॲनाटॉमीचं नापास: लिहायचं कुठे? (२४ तारखेच्या आत हवंय)

माधुरी | शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

मंडळी, मी अजून कोथरूडलाच आहे, आईचा गुडघा. (श्रीकांत, मंडळाच्या मोदकपात्रांचं आल्यावर बघते, इथे विचारू नकोस.)

भाचीचा इरासचा, म्हणजे अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचा (एमबीबीएसनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) अर्ज अडलाय. रेडिओलॉजी. प्रोग्रॅम्सना अर्ज दिसायला लागणार २४ ला, आपल्याकडे ओहायोत सकाळी नऊ, इथे पुण्यात संध्याकाळी साडेसहा. तिकडच्या लायसन्स परीक्षेची स्टेप १ पास, स्टेप २ ला २५१. पण फर्स्ट एमबीबीएसला २०१८ च्या उन्हाळी परीक्षेत ॲनाटॉमी राहिली, हिवाळीत निघाली, म्हणजे ऑड बॅच, सहा महिने मागे. आता अर्जात विचारलंय, शिक्षण लांबलं का, खंड पडला का. 'हो' म्हटलं की कारण लिहायला चौकट उघडते.

जंगली महाराज रस्त्यावरच्या एका क्लासवाल्याने चांगले पैसे घेऊन पर्सनल स्टेटमेंट लिहून दिलंय. त्यात पहिल्याच वाक्यात आजी वारते आणि त्या धक्क्याने ही नापास होते. आजी आत्ता आतल्या खोलीत फिजिओथेरपिस्टशी भांडतेय.

नापास नक्की कुठे लिहायचं? चौकटीत, स्टेटमेंटमध्ये, की दोन्हीकडे?

श्रीकांत | शुक्रवार, १२ सप्टेंबर

पुन्हा एकदा सगळ्यांना: मेडिकल प्रवेशाच्या प्रश्नांसाठी आपला वेगळा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. तो मी चालवतो, मागच्या समितीने ठराव करून दिलेला आहे. इथे चर्चा झाली की तिथे कोणी बोलत नाही.

तरी सांगतो. 'नाही' वर टिक करून मोकळं व्हायचं. मार्कशीटवर काय असतं, 'हिवाळी २०१८', बस. ओहायोत बसून कोण बघतंय?

मोदकपात्रं सात होती. पाच परत आली आहेत.

अण्णा | शनिवार, १३ सप्टेंबर

श्रीकांत, ओहायोत बसून मी बघायचो. निवृत्त होईपर्यंत दर ऑक्टोबरात अर्जांची चळत माझ्या टेबलावर असायची. प्रवेश कधी, फायनल कधी, इंटर्नशिप कधी संपली, हे ओळीने लावलं की सहा महिने आपोआप बाहेर पडतात. शिवाय कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर अटेम्प्ट छापलेले असू शकतात. माधुरी, तिच्या ट्रान्सक्रिप्टवर काय आहे ते आजच बघ. अर्जातलं सगळं खरं आहे असं तिला स्वतःला लिहून द्यावं लागतं. खोटं निघालं तर इरास चालवणारी एएएमसी चौकशी लावू शकते आणि ते प्रोग्रॅम्सनाही कळवलं जातं. सहा महिन्यांपायी हे ओढवून घ्यायचं?

तेव्हा चौकटीत 'हो', आणि खाली तीन ओळी. काय राहिलं, कधी निघालं, पुढे काय झालं. स्टेटमेंटमध्ये एक अक्षर नको. ते एकच पान तिला रेडिओलॉजी का हवी यासाठी आहे. पहिल्या परिच्छेदात रडगाणं दिसलं की वाचणारा पुढचं सगळं त्याच नजरेने वाचतो, मी वाचायचो.

स्टेप १ ला २६ जानेवारी २०२२ पासून आकडाच नाही, नुसतं पास-नापास. त्यामुळे स्टेप २ चे २५१ हेच आधी दिसणार, आणि तो आकडा तिच्या बाजूने बोलतो.

पण मुख्य गोष्ट कोणीच काढली नाही. राहिली काय, तर ॲनाटॉमी. मागतेय काय, तर रेडिओलॉजी, म्हणजे जिथे दिवसभर ॲनाटॉमीच बघायची. मुलाखतीत हे विचारणारच. उत्तर आहे का तिच्याकडे?

आणि आजीला ताबडतोब जिवंत करा.

नाना (सहकारनगर) | शनिवार, १३ सप्टेंबर

चिरंजीवांच्या इमेलवरून ही यादी वाचत असतो, मधे बोलतो त्याबद्दल क्षमस्व. ऑड बॅचला नाकं मुरडू नयेत. आमच्या वेळी नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ नव्हतं, ते १९९८ चं. आम्ही पुणे विद्यापीठाचे, बी. जे. चे. ॲनाटॉमीच्या व्हायवाला सर टेबलावर मनगटाचं एक हाड सरकवायचे आणि "कोणत्या हाताचं?" एवढंच विचारायचे. अर्धी बॅच तिथेच गार. माझ्या पुढच्या नंबरचा मुलगा दोनदा बसला, नंतर ससूनमध्ये त्याच्याइतकं हर्नियाचं ऑपरेशन सफाईने कोणी करत नसे. रेडिओलॉजी म्हणजे त्या काळी अंधारी खोली आणि ओल्या फिल्म, तिकडे कोणी स्वखुशीने जात नसे. आता म्हणे सगळ्यांना तीच हवी.

रेवती | शनिवार, १३ सप्टेंबर

नानाकाका, हवी असणारच, नाइट ड्यूटीला घरून रिपोर्ट करता येतात!

माधुरी, पैशांचंही बघ. आमच्या मुलाच्या वेळी आम्ही डोळे मिटून दोनशे ठिकाणी अर्ज टाकले. आत्ताच्या दराने एका शाखेत पहिल्या तीस प्रोग्रॅम्सना प्रत्येकी ११ डॉलर, एकतिसाव्यापासून ३०. दोनशेचे होतात ५,४३०. त्यातले निम्मे प्रोग्रॅम व्हिसावाल्याला घेतच नाहीत, हे वेबसाइटवर लिहिलेलं होतं आणि आम्ही वाचलं नव्हतं, असं मुलगा अजून ऐकवतो. आधी यादी छाटा, मग पैसे भरा. गोल्ड आणि सिल्व्हर सिग्नल, म्हणजे 'आम्हाला तुमच्याकडेच यायचंय' असं प्रोग्रॅमला कळवायच्या खुणा, मोजकेच मिळतात, ते नावाजलेल्या हॉस्पिटलांवर उधळू नका. जिथे आपल्याकडची मुलं आधी लागलेली आहेत तिथे टाका.

प्रिलिमचं केलंय ना? रेडिओलॉजीची चार वर्षं आणि त्याआधी मेडिसिन किंवा सर्जरीचं एक वर्ष. बहुतेक ठिकाणी ते वेगळं मागावं लागतं, स्टेटमेंटही वेगळं.

श्रीकांत | रविवार, १४ सप्टेंबर

सिग्नलची पूर्ण माहिती ग्रुपवर पिन केलेली आहे. जून महिन्यापासून. कोणी वाचत नाही.

अण्णा, 'नाही' वर टिक म्हणजे खोटं बोला असं माझं म्हणणं नव्हतं. सहा महिने म्हणजे 'लांबलं' का, एवढाच मुद्दा होता. असो. पण २०२५ च्या मॅचमध्ये (कोणाला कुठे रेसिडेन्सी ते ठरतं ती वाटणी) परदेशी नागरिक असलेल्या परदेशी पदवीधरांपैकी ५८ टक्केच लागले, तेही सगळ्या शाखा धरून. त्यात हिला रेडिओलॉजी. इंटर्नल मेडिसिनलाही अर्ज टाकावा हे कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणून मी सांगतोय.

रेवती | रविवार, १४ सप्टेंबर

टाकावा की, पण एकाच हॉस्पिटलात दोन्हीकडे नको. तिकडचे लोक एकाच कॅफेटेरियात जेवतात.

माधुरी | सोमवार, १५ सप्टेंबर

ट्रान्सक्रिप्ट आणलं. अटेम्प्ट छापलेला आहे, 'दोन' असा, ठळक. म्हणजे श्रीकांतचा मुद्दा निकालात. सहीला मात्र बाबूंनी दोन दिवस फिरवलं. कॉलेजचं नाव घेत नाही.

अण्णा, तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला. आधी रडली, मग बोलली. कारण फार साधं आहे, क्लासवाल्याला ते आवडलंच नसतं. बारावीपर्यंत पाठांतरावर निघाली होती. डिसेक्शनला टेबलाभोवती गर्दी, ही मागे उभी राहायची आणि रात्री होस्टेलवर पुस्तकातून पाठ करायची. व्हायवाला हातात खरा अवयव दिला तेव्हा तो कोणत्या बाजूने धरायचा तेच कळेना. हिवाळीच्या आधी रोज हॉल उघडला की पहिली जाऊन उभी राहायला लागली. पुढे इंटर्नशिपमध्ये रात्री सीटीच्या कन्सोलपाशी बसून एकेक स्लाइस खाली-वर करत राहायची, तिथून रेडिओलॉजीचं वेड. ज्युनिअर्सना ॲनाटॉमीही शिकवलीय.

चौकटीसाठी तिने लिहिलेलं, मराठीत सांगते: "दुर्दैवाने पहिल्या वर्षी ॲनाटॉमीत मी अनुत्तीर्ण झाले व सहा महिने मागे पडले. हा माझ्यासाठी मोठा धडा होता. मी अथक मेहनत करून हिवाळी २०१८ मध्ये उत्तीर्ण झाले."

अण्णा | सोमवार, १५ सप्टेंबर

'दुर्दैवाने' काढा, दैवाचा संबंध नाही. धडा काढा. अथक मेहनत काढा, ती सगळेच करतात. असं लिहा: "उन्हाळी २०१८ मध्ये ॲनाटॉमीत अनुत्तीर्ण, त्याच वर्षी हिवाळी परीक्षेत उत्तीर्ण, त्यामुळे अभ्यासक्रम सहा महिने लांबला. पुढचे सर्व विषय आणि स्टेप १ व २ पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण. नंतर कनिष्ठ विद्यार्थ्यांना ॲनाटॉमी शिकवली." मधलं वाक्य खरं असेल तरच.

बाजू कळत नव्हती हे मुलाखतीत जसंच्या तसं सांगू दे. शब्द सजवायचे नाहीत. कन्सोलचं मात्र स्टेटमेंटमध्ये यायलाच हवं, तेच तिचं रेडिओलॉजीचं कारण आहे. आणि ज्या सरांनी तिला तिथे बसलेलं पाहिलं त्यांचं शिफारसपत्र घ्या. एका प्रोग्रॅमला चार पत्रं जोडता येतात, एक त्यांचं असलंच पाहिजे. "ही रात्री थांबायची" हे तिने लिहिलं तर बढाई वाटते, त्यांनी लिहिलं तर आम्ही मुलाखतीला बोलावतो.

रविवारी २१ ला झूमवर मी तासभर मुलाखत घेऊन बघतो. कोणीही यावं.

नाना (सहकारनगर) | सोमवार, १५ सप्टेंबर

रविवारी सर्वपित्री आहे. पुण्यात कोणी मोकळं नसतं.

माधुरी | मंगळवार, १६ सप्टेंबर

पुढचे विषय सगळे पहिल्या प्रयत्नात, मार्कशीटा काढून बघितल्या. सर पत्र द्यायला तयार आहेत, फक्त अपलोड कसं करायचं ते भाची त्यांच्याकडे जाऊन बसून करून देणार आहे. शनिवारी २० ला चालेल का? इथले संध्याकाळचे सात.

श्रीकांत | मंगळवार, १६ सप्टेंबर

शनिवारी सकाळी मंडळाचं झूम भोंडल्याच्या तालमीला दिलेलं आहे, साडेनऊ ते अकरा. मागितल्याशिवाय लिंक कोणी वापरू नये.

अण्णा | मंगळवार, १६ सप्टेंबर

माझ्या स्वतःच्या झूमवर घेतो. शनिवार, आपले सकाळचे साडेनऊ, पुण्याचे सात. श्रीकांत, ग्रुपवरही टाक, तिथल्या मुलांनाही येऊ दे.

श्रीकांत | मंगळवार, १६ सप्टेंबर

टाकलं. आत्तापर्यंत चार जणांनी 'येतो' म्हटलंय. त्यातल्या एकाची फिजिओलॉजी राहिली होती, तो विचारतोय की त्याची चौकटही बघाल का.